घरी दिसणारा कॅमेरा पुण्यात आल्यावर ‘ऑफलाइन’ का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तासगावजवळच्या गावी जुन्या दगडी घरात आई-वडील दोघंच राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. तुम्ही नोकरीला पुण्यात. दोन वायफाय कॅमेरे ऑनलाइन मागवले. सोप्यातला, म्हणजे पुढच्या ओसरीतला, जोडला; तुम्ही घरी होतात तोवर मोबाइलवर छान दिसत होता. पुण्याला परतलात आणि अ‍ॅपमध्ये ‘डिव्हाइस ऑफलाइन’. दिवसा मध्येच आपोआप दिसतो, रात्री हमखास जातो. गोठ्यासाठी आणलेला दुसरा कॅमेरा तर जोडलाच जात नाही, मोबाइलवरचा क्यूआर कोड कॅमेऱ्याला दाखवून दाखवून तुम्ही कंटाळलात. आणि ओळखीच्या एकाने ‘राउटरमध्ये पोर्ट उघडून दे’, म्हणजे इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंत यायची वाट मोकळी कर, असं सुचवलंय, ते करावं का, हेही विचारलंय.

मी सांगली-मिरज भागात कॅमेरे आणि नेटवर्कची कामं करतो, त्यामुळे तुमचं घर डोळ्यासमोर आणणं मला अवघड नाही. काही गोष्टी मात्र तुमच्या कॅमेऱ्याच्या मॉडेलवर, राउटरवर आणि घरच्या वायरिंगवर ठरतील. तिथे मी ‘असं असेल तर असं’ याच भाषेत सांगेन.

आधी एक समजूत दुरुस्त करू, कारण निम्मा गोंधळ तिच्यामुळे होतो. आपण ‘कॅमेरा मोबाइलला जोडला’ म्हणतो, पण तो मोबाइलला जोडलेला नसतोच. तो तुमच्या घरच्या राउटरला जोडलेला असतो. अ‍ॅपमध्ये आपण जी जोडणी करतो, त्यात मोबाइल फक्त एवढंच करतो की घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड कॅमेऱ्याला कळवतो, आणि हा कॅमेरा अमुक खात्याचा आहे अशी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर करतो. त्यानंतर कॅमेरा राउटरमधून इंटरनेटवर जातो आणि ‘मी इथे आहे’ असं त्या सर्व्हरला सतत सांगत राहतो. तुम्ही पुण्यात अ‍ॅप उघडलंत की अ‍ॅप त्याच सर्व्हरला विचारतं, आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. दोघांमध्ये थेट वाट निघाली तर चित्र थेट येतं, नाही निघाली तर सर्व्हरमार्फत येतं, जरा अडखळत.

म्हणजे कड्या तीन आहेत. कॅमेरा ते राउटर, राउटर ते इंटरनेट, आणि सर्व्हर ते तुमचा मोबाइल. ‘ऑफलाइन’ या एका शब्दात यातली कुठली कडी तुटली ते कळत नाही. पण शब्दाचा अर्थ नेमका आहे: कॅमेऱ्याने सर्व्हरला हाक देणं थांबवलंय. तुमच्या पुण्यातल्या मोबाइलमध्ये बिघाड असता तर अ‍ॅपने बहुधा नेटवर्कची चूक दाखवली असती. त्यामुळे पुण्यात बसून अ‍ॅप काढून परत टाकण्यात वेळ घालवू नका. बिघाड गावाकडे आहे.

आता ‘घरी तर नीट दिसत होता’ याबद्दल. तुम्ही घरी असताना मोबाइल आणि कॅमेरा एकाच वायफायवर होते. अशा वेळी बरीच अ‍ॅप कॅमेऱ्याला घरच्या नेटवर्कमध्येच शोधतात आणि चित्र इंटरनेटवर न जाता थेट मोबाइलवर येतं. त्या वेळी घरचं इंटरनेट रडतखडत चालत असलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून कॅमेरा बसवून झाल्यावर माझी पहिली चाचणी हीच असते: मोबाइलचं वायफाय बंद करायचं, मोबाइल डेटावर अ‍ॅप उघडायचं आणि अंगणात उभं राहून दहा मिनिटं बघायचं. तिथे दिसला तर पुण्यातही दिसेल.

पुढच्या वेळी कॅमेरा गेला की वडिलांना फोन लावा आणि एवढंच करायला सांगा. त्यांच्या मोबाइलचा डेटा बंद करून, फक्त घरच्या वायफायवर यूट्यूबचा कुठलाही नवा व्हिडिओ लावायचा. नाही चालला तर इंटरनेटच गेलंय, कॅमेऱ्याचा संबंध नाही. रिचार्ज संपलाय का, राउटरवर किंवा फायबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का, ते बघा. व्हिडिओ चालला तर दोष कॅमेरा आणि राउटरच्या मधल्या कडीत आहे, किंवा कॅमेऱ्याच्या विजेत. मग कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा कुठल्या रंगाचा आहे, स्थिर आहे की लुकलुकतोय, एवढं विचारून घ्या. प्रत्येक कंपनीचा रंगांचा अर्थ वेगळा असतो, तो माहितीपत्रकात मिळेल. दिवाच नसेल तर वीज पोचत नाहीये, इतकं मात्र सगळीकडे सारखं. (काही अ‍ॅपमध्ये हा दिवा बंद ठेवायची सोय असते. तो तुम्हीच बंद केलेला नाही ना, हे आधी आठवा.)

एक शक्यता आधीच विचारून ठेवतो: घरचं नेट फायबरचं आहे, की वडिलांच्याच मोबाइलचा हॉटस्पॉट लावून कॅमेरा जोडलाय? तसं असेल तर वडील रानात गेले की कॅमेऱ्याचं नेट त्यांच्या खिशातून रानात जातं. गावात असं बऱ्याच घरी बघतो. त्याला दुसरा इलाज नाही, घरात कायम राहणारं नेट हवं.

‘रात्री हमखास जातो’ हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा धागा आहे. यंत्र बिघडलं असतं तर त्याने दिवसरात्र पाहिली नसती. रात्री घरात काय बदलतं ते शोधायचं.

सगळ्यात साधं कारण आधी. वडील झोपताना टीव्हीच्या बोर्डाची सगळी बटणं बंद करतात का? राउटर बहुतेक वेळा त्याच बोर्डावर असतो. ‘रात्रभर उगाच वीज कशाला’ म्हणून ज्येष्ठ मंडळी बटण खाली करतात, आणि त्यांचं चुकत नाही, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. राउटरचा प्लग वेगळ्या सॉकेटवर न्या, बटणावर चिकटपट्टी लावा आणि हे बटण का बंद करायचं नाही ते दोघांनाही नीट समजावून सांगा.

तसं नसेल तर माझा संशय अडॅप्टर आणि केबलवर आहे. अंधार पडला की कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, फार तर मंद लालसर ठिपके दिसतात, पण ते वीज खातात. दिवसा कसाबसा तग धरणारा कॅमेरा दिवे लागले की व्होल्टेज कमी पडून बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. सोप्यात कॅमेऱ्याजवळ सॉकेट नव्हतं म्हणून तुम्ही बाजारातून लांब यूएसबी केबल आणून माजघरातल्या सॉकेटपर्यंत नेलीय का? बहुधा तसंच असेल, कारण कॅमेऱ्याबरोबर येणारी केबल दोन-तीन मीटरचीच असते.

याचा हिशोब बघा. स्वस्त यूएसबी केबलमधल्या विजेच्या तारा २८ गेजच्या, म्हणजे फार बारीक असू शकतात. अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. केबल १० मीटर असेल तर वीज जाऊन-येऊन २० मीटर धावते, म्हणजे रोध ४ ओहमच्या वर. कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला की वाटेतच २ व्होल्ट खर्च होतात. अडॅप्टर ५ व्होल्टचा, कॅमेऱ्यापाशी पोचले ३. दिवसा ओढ कमी असते तेव्हा गळतीही कमी, म्हणून तेव्हा कदाचित निभावतं. ही गळती अडॅप्टर बदलून जात नाही. लांबी विजेच्या २३० व्होल्टच्या वायरीने वाढवायची आणि कॅमेऱ्याशेजारीच सॉकेट काढून मूळ केबल आणि मूळ अडॅप्टर वापरायचा. गावातला वायरमन हे काम तासाभरात करतो. जुन्या मोबाइलचा चार्जर तर कॅमेऱ्याला लावूच नका; माहितीपत्रकात जितके अँपिअर लिहिलेत तितके देणाराच अडॅप्टर हवा.

हे गावी न जाता तपासता येतं. एखाद्या संध्याकाळी, कॅमेरा दिसत असतानाच, पुण्यातून अ‍ॅपमध्ये नाइट व्हिजन किंवा इन्फ्रारेड ‘बंद’ करा. वडिलांना सांगा, आज सोप्यातला दिवा रात्रभर चालू राहू द्या. त्या रात्री कॅमेरा टिकला, आणि दुसऱ्या रात्री इन्फ्रारेड परत चालू केल्यावर गेला, तर दोष विजेचाच. उलटी चाचणी, म्हणजे इन्फ्रारेड कायम चालू ठेवून बघणं, मात्र करू नका. कॅमेरा बंद-चालूच्या फेऱ्यात अडकला तर पुण्यातून तो पर्याय परत बदलता येणार नाही.

तिसरं कारण म्हणजे लाइट जाणं. लाइट जाऊन आली की राउटर आणि फायबरचा डबा उठायला दोन-तीन मिनिटं घेतात. कॅमेरा त्याआधीच उठून वायफाय शोधतो. चांगले कॅमेरे शोधत राहतात, काही स्वस्त कॅमेरे थोडे प्रयत्न करून गप्प बसतात. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, मिळतो, बराचसा १२ व्होल्टचा. राउटर आणि फायबरचा डबा वेगळे असतील तर दोन्हींना पुरेल असा घ्या आणि दोघांचे व्होल्ट आधी बघा, सगळे १२चे नसतात. वृद्ध आई-वडील एकटे राहतात त्या घरी हा यूपीएस मी आग्रहाने लावायला सांगतो. लाइट गेल्यावरच तर आपल्याला जास्त काळजी वाटते. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहेत ना, एवढंच बघा.

वीज ठीक निघाली तर उरतो वायफायचा सिग्नल. तुमच्या घराच्या काळ्या दगडाच्या भिंती दीड-दोन फुटी असतील. अशा एका भिंतीत सिग्नल किती मरतो हे शहरातल्या विटांच्या घरात राहणाऱ्याला खरं वाटत नाही. बऱ्याच अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याच्या माहितीत सिग्नलचा आकडा मिळतो, उणे डीबीएममध्ये. उणे ५०च्या आसपास उत्तम, उणे ६५ ते ६७ पर्यंत काम चालतं, उणे ७५ झाला की कॅमेरा आज आहे उद्या नाही. राउटर माजघरात टीव्हीमागे, कपाटाच्या आड असेल तर तो सोप्याच्या दाराच्या रेषेत, उंचावर आणा. दगडाच्या भिंतीतून जाणं कठीण, पण उघड्या दारातून सिग्नल सुखाने जातो. रात्री ते दार बंद होतं का, हेही विचारा. जुन्या घरांची दारं सागवानी असली तर फार फरक पडत नाही, पण लोखंडी पत्र्याचं दार असेल तर नक्की पडतो, आणि मग ‘रात्रीच जातो’चं तेही एक उत्तर असू शकतं.

आतापर्यंतचा क्रम असा: वडिलांच्या मोबाइलवर यूट्यूब, मग बोर्डाचं बटण, मग इन्फ्रारेडची चाचणी, मग सिग्नलचा आकडा. हे सगळं पुण्यातून फोनवर होतं. गोठ्याच्या कॅमेऱ्यासाठी मात्र गावी जावं लागेल.

जोडलाच न जाणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो: कोड दाखवल्यावर कॅमेरा काय बोलतो? बहुतेक कॅमेरे बोलतात किंवा निदान टिंग असा आवाज करतात, आणि तोच खरा निदानाचा धागा असतो.

काहीच आवाज आला नाही तर कॅमेऱ्याने कोड वाचलाच नाही. लेन्सवरची पातळ संरक्षक पट्टी काढली का? मोबाइलचा उजेड पूर्ण वाढवा, सावलीत उभे राहा, कोड लेन्सपासून वीतभर अंतरावर धरा आणि हळूहळू मागे-पुढे करा. मुळात कॅमेरा जोडणीच्या अवस्थेत आहे का, तेही बघा. नसेल तर रीसेटचं बटण माहितीपत्रकात दिलंय तितका वेळ, साधारण ५ ते १० सेकंद, दाबून ठेवावं लागतं. नुसतं टिचकी मारून रीसेट होत नाही.

आवाज आला, ‘कनेक्टिंग’ म्हणाला आणि मग हरला, तर कोड वाचला गेला पण राउटरने आत घेतलं नाही. इथे बहुतेक वेळा एकच कारण निघतं. असे बहुतांश कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. फायबरवाल्याचा नवा राउटर २.४ आणि ५ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालतो आणि दोन्हींना एकच नाव देतो. तुमचा मोबाइल ५ वर असतो, कॅमेऱ्याला तो पट्टा ऐकूच येत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांची नावं वेगळी करा, मोबाइल २.४च्या नावावर आणा आणि मग कोड दाखवा. सेटिंग कुलूपबंद असेल तर फायबरवाल्याला फोन करून करून घ्या, त्यांना हे रोजचं आहे. तिथेच असताना सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ ठेवा, कारण डब्ल्यूपीए३ बऱ्याच कॅमेऱ्यांना कळत नाही. चॅनेल आपोआप निवडू न देता १, ६ किंवा ११ ठेवा. भारतात १२ आणि १३ही चालतात, पण काही कॅमेरे ते बघतच नाहीत. वायफायचं नाव आणि पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. मराठी अक्षरं, मोकळ्या जागा, अवतरणचिन्हं असली की काही कॅमेरे अडतात. पासवर्ड लांब ठेवा म्हणजे साधी अक्षरं असूनही पक्का राहील.

आणि कॅमेरा ‘कनेक्टेड’ म्हणाला, पण अ‍ॅपच अपयश दाखवतं, तर मोबाइलकडे बघा. अँड्रॉइडवर अ‍ॅपला लोकेशनची परवानगी लागते, कारण त्याशिवाय अ‍ॅपला आसपासची वायफाय दिसू देत नाहीत. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी वेगळी असते. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. काही कॅमेरे जोडणीसाठी स्वतःचं तात्पुरतं वायफाय सोडतात. त्यात इंटरनेट नसल्यामुळे मोबाइल गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि जोडणी फसते. तेवढ्यापुरता डेटा बंद ठेवा.

ही जोडणी गोठ्यात उभं राहून करू नका. कॅमेरा राउटरच्या खोलीत आणा, तिथे जोडा, चित्र आलं की मग गोठ्यात न्या. तिथे गेल्यावर गेला तर कॅमेरा चांगला आहे, अंतराचा प्रश्न आहे, इतकं स्वच्छ कळतं. राउटरच्या खोलीतही जोडला नाही तर दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट २.४वर ठेवून त्याला जोडून बघा. तिथे जोडला तर राउटरची सेटिंग चुकतेय, तिथेही नाही तर कॅमेरा परत करा.

गोठ्यापर्यंत सिग्नल नेण्याबद्दल एकच गोष्ट ठाम सांगतो: रिपीटर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारा डबा, गोठ्यात लावू नका. रिपीटर ऐकतो तेच पुढे बोलतो. गोठ्यात त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल तर पुढे काय देणार? तो मधल्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे हवा. त्याहून चांगलं म्हणजे राउटरपासून गोठ्यापर्यंत लॅनची केबल ओढून तिथे दुसरा छोटा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावणं, किंवा लॅनचं भोक असलेला कॅमेराच घेणं. केबल १०० मीटरच्या आत हवी, आणि उघड्यावरून जाणार असेल तर बाहेरच्या कामाची, उन्हाला टिकणारी घ्या. गोठा घरापासून सुटा असेल तर वळवाच्या विजांचा विचार करा. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत जवळपास वीज पडली की लांब तांब्याच्या केबलवरून राउटरची लॅनची भोकं जळतात. तशा जागी दोन टोकांना कन्व्हर्टर लावून फायबरची तार नेणं शहाणपणाचं, कारण काचेतून वीज वाहत नाही. खर्च थोडा वाढतो. गोठा फार लांब, मळ्यात असेल तर सिमकार्डवर चालणारा फोर-जी कॅमेरा बघा, पण तिथल्या डेटाचा हिशोब आधी करा.

तो हिशोब असा. फुल एचडी चित्राला, चित्र आकसून पाठवायच्या नव्या एच.२६५ पद्धतीने, साधारण १ एमबीपीएस लागतो, जुन्या एच.२६४ ने दुप्पट धरा. १ एमबीपीएसने सलग बघितलं तर दिवसाला जवळपास ११ जीबी जातात. रोज २ जीबीचं सिम असेल तर साडेचार तासांच्या आतच डेटा संपतो. म्हणून रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर ठेवा; कार्डवर लिहायला इंटरनेट खर्च होत नाही, तुम्ही बघाल तेवढंच खर्च होतं. १२८ जीबीचं कार्ड याच वेगाने सलग रेकॉर्डिंगला दहा-अकरा दिवस पुरतं. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचं घ्या आणि कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधूनच फॉरमॅट करा. सतत पुसून लिहिल्यामुळे साधी कार्डं लवकर मरतात, आणि ती मेल्याचं चोरी झाल्यावरच कळतं. आणि घरच्या नेटचा वेग तपासताना डाउनलोड बघू नका. कॅमेऱ्याचं चित्र घरातून बाहेर जातं, तेव्हा अपलोड किती मिळतो तेच महत्त्वाचं.

आता पोर्ट उघडण्याबद्दल. नका उघडू. एक तर ते बहुधा चालणारच नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडल्यामुळे मोबाइल कंपन्या आणि बरेच फायबरवाले अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही त्याच प्रकारात आहात, आणि राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. दुसरं, जिथे ते चालतं तिथे ते धोक्याचं असतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने हेच केलं: इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे) आणि राउटर शोधायचे, कंपनीने घातलेले साठेक ठरावीक पासवर्ड लावून बघायचे आणि उघडला की ताब्यात घ्यायचा. अशा यंत्रांची फौज उभी करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास बंद पडल्या. तुमच्या अ‍ॅपला उघडं पोर्ट लागतच नाही, कारण कॅमेरा स्वतःहून बाहेर जाऊन सर्व्हरशी बोलतो. मग दार उघडं ठेवायचं कशासाठी?

त्यापेक्षा मोठी काळजी वेगळ्याच ठिकाणी घ्यायला हवी: कॅमेरा कुणाच्या खात्यावर नोंदलाय? माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कॅमेऱ्यांत हा प्रकार वारंवार दिसतो. बसवायला आलेला मुलगा घाईत स्वतःच्या ईमेलवर कॅमेरा नोंदवतो आणि घरच्यांना फक्त ‘शेअर’ करून देतो. घरच्यांना चित्र दिसतं, ते खूश. पण खरा मालक तो मुलगा असतो. तुमच्या घरातलं चित्र त्यालाही दिसत राहतं, आणि तो नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलायलाही कुणी उरत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत रीसेट केल्याने हे सुटत नाही. रीसेटने कॅमेऱ्यातलं वायफाय पुसलं जातं, सर्व्हरवरची नोंद तशीच राहते. असा कॅमेरा मूळ खात्यातून काढल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. तुमच्या दुसऱ्या कॅमेऱ्याला अ‍ॅप ‘आधीच जोडलेला आहे’ असं म्हणत असेल तर तो कुणीतरी परत केलेला माल असू शकतो. विक्रेत्याकडून सरळ बदलून घ्या.

तुम्ही स्वतः जोडलात, तेव्हा मालकी तुमच्या ईमेलवर ठेवा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि वडिलांना त्यांच्या मोबाइलवर अ‍ॅपमधल्या ‘शेअर’नेच द्या. तुमचा पासवर्ड देऊन दोघांनी एकच खातं वापरू नका. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो मदतीसाठी कुणाला पाठवायचा झाला तर त्यावरचा कोड झाकून पाठवा. आणि पुढे कॅमेरे घ्याल तर चाचणी झालेलेच घ्या. भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारने सुरक्षेच्या चाचण्या एप्रिल २०२५ पासून सक्तीच्या केल्या आहेत. बिलासह, नामांकित दुकानातून घेतलेला थोडा महाग कॅमेरा अशा घरी परवडतो, कारण त्याला पुढची काही वर्षं सुधारित सॉफ्टवेअर मिळत राहण्याची शक्यता जास्त.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगतो. सोप्यात कॅमेरा आहे हे आईंना नीट माहीत आहे का? तो कुठे बघतो, आवाज ऐकू येतो का, कुणाकुणाच्या मोबाइलवर दिसतो, हे त्यांना सांगा, आणि त्यांना नको असेल तेव्हा तो कसा बंद करायचा हेही दाखवा. बहुतेक अ‍ॅपमध्ये प्रायव्हसी मोड असतो. आपलं घर असूनही सतत कुणीतरी बघतंय या भावनेने बायका सोप्यात बसायच्या बंद झालेली घरं मी पाहिलीत. कॅमेरा दाराकडे आणि अंगणाकडे वळवा, झोपायच्या जागेकडे नको, आणि शेजाऱ्यांचं दार त्याच्या नजरेत येत असेल तर जरा तिरका करा.

गावी जाल तेव्हा अजून एक काम करून या. घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. उद्या फायबरवाल्याने राउटर बदलला तर नव्या राउटरला तेच नाव आणि तोच पासवर्ड द्यायला सांगा, अक्षर न् अक्षर तसंच. मग दोन्ही कॅमेरे आपोआप जोडले जातात, आई-वडिलांना रीसेट करायला सांगायची वेळ येत नाही. सूचना तुमच्या मोबाइलवर वेळेवर येत नसतील तर मोबाइलच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचं बंधन काढा आणि ऑटोस्टार्ट चालू करा. गोठ्याच्या कॅमेऱ्याला फक्त माणूस दिसल्यावरच सूचना द्यायला सांगा, नाहीतर म्हशीने शेपूट हलवली की तुमचा मोबाइल वाजेल.

सध्या इन्फ्रारेडची चाचणी दोन रात्री करा आणि कॅमेऱ्याचं मॉडेल, केबलची लांबी, अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट-अँपिअर आणि अ‍ॅपमधला सिग्नलचा आकडा एवढं कळवा. गोठा घरापासून किती फुटांवर आहे आणि मध्ये पत्र्याची शेड आहे का, तेही लिहा, म्हणजे केबल ओढायची की फायबर, ते नेमकं सांगता येईल.